थेंबाचा तपास

गेल्या चैत्रात वर्षप्रतिपदेची गुढी उभारून झाल्यावर गच्चीच्या नैर्ऋत्य कोपऱ्याकडे सहज दृष्टी गेली, तेव्हा ज्या मोगऱ्याने आदल्या वर्षी याच सुमारास रोज ओंजळभर फुले देऊन देव्हारा सुगंधित ठेवला होता, त्याची पाने कडेने करपून आत वळलेली आणि शेजारच्या कागदी लिंबाची कोवळी फूट माना टाकून बसलेली दिसली. आश्चर्य वाटले ते याचे की, पाण्याच्या बाबतीत काही कसूर झाली असावी असे मानायला बाह्यतः कोणतेच कारण नव्हते. पहाटे साडेपाच वाजता टाकीखालच्या टायमरचा ‘टक्’ असा आवाज होई, पंधरा मिनिटांनी पुन्हा तसाच आवाज होऊन त्याची झडप मिटे, आणि या दोन आवाजांच्या मधल्या अवकाशात गच्चीवरील बेचाळीस कुंड्यांना आपापल्या वाट्याचे पाणी पोहोचत आहे, अशा निश्चिंतीत घरातील सर्व माणसे झोपेच्या शेवटच्या प्रहरात असत. यंत्र वेळेवर चालत होते आणि झाडे तहानेने मरत होती. या दोन गोष्टींची संगती लावण्याच्या खटपटीत पुढचे काही महिने गेले. त्या निमित्ताने पुण्यात आमच्या सहकारनगरातल्या आणि बाहेरच्याही अनेक गच्च्या नि परसबागा पाहण्यात आल्या, ठिबक जोडणाऱ्या माणसांशी आणि ते वापरून निराश झालेल्या गृहस्थ-गृहिणींशी सविस्तर बोलणे झाले, आणि त्यातून जे हाती लागले ते अशाच चिंतेत असलेल्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

थेंबाथेंबाने पाणी देण्याची कल्पना आपल्याकडे परकी नाही. आमच्या आजोळी वैशाख लागला की तुळशीवृंदावनावर तिकाटणे उभारून गळती बांधण्याचा प्रघात होता. मातीच्या लहान मडक्याच्या तळाला बारीक छिद्र पाडून त्यात दर्भाची काडी खोचलेली असे, आणि तिच्या टोकावरून दिवसभर तुळशीच्या मुळाशी थेंब पडत राही. शिवालयात पिंडीवर टांगलेले अभिषेकपात्र हे त्याच जातीचे. या योजनेत एक गुण होता, जो तेव्हा कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते आणि आज प्रकर्षाने जाणवतो: थेंब दिसत असे. आजी स्वयंपाकघरातून अंगणात डोकावली की तो पडतो आहे किंवा नाही हे तिला कळे. थांबला असेल तर ती काडी काढून, पुसून, पुन्हा बसवी. दोष उत्पन्न होणे आणि दोष सापडणे यांत घटकाभराचेही अंतर पडत नसे.

शेतातल्या पाण्याचीही गोष्ट तशीच होती. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम यांसारख्या नद्यांवरील बंधाऱ्यांतून पाटाने पाणी घेऊन ते फडाफडांत वाटून देण्याची जी प्राचीन व्यवस्था होती, तिच्यात पाणी सोडणारा पाटकरी आणि पाटावर पहारा ठेवणारा जागल्या असे माणसांचे रीतसर पथकच नेमलेले असे. पाट कोठे फुटला, कोठे गाळाने भरला, कोणाच्या बांधावरून पाणी वाया गेले, हे त्यांना पायी फिरताना उघड्या डोळ्यांनी दिसे. ठिबकाने या सर्व व्यवस्थेला नळीत कोंडले. वाटेत मुरून आणि उडून जाणारे पाणी त्यामुळे वाचले, तणे कमी झाली, गच्चीवर चिखल होईनासा झाला. हा लाभ निर्विवाद आहे आणि तो मी मुळीच कमी लेखीत नाही. पण त्याच नळीने पाणी दृष्टीआड केले, आणि पाटकऱ्याची जागा मात्र कोणीच भरली नाही. घरगुती ठिबकाच्या बहुतेक सर्व तक्रारी, मग त्या तोटी तुंबल्याच्या असोत, टायमर बिघडल्याच्या असोत की झाड विनाकारण वाळल्याच्या असोत, या एका रिकाम्या जागेतून उद्भवतात असे माझे मत झाले आहे.

आधुनिक ठिबकाचा उगम इस्रायलमधला. वॉर्सा येथे १८९७ साली जन्मलेले सिम्हा ब्लास हे जलअभियंते. एका ओळीतले एकच झाड इतरांहून उंच व डेरेदार का वाढले याचा शोध घेता त्याच्या मुळाशी नळाच्या सांध्यातून सतत थेंब गळत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले, अशी कथा सांगितली जाते. प्लास्टिक सुलभ झाल्यावर त्यांच्या कल्पनेला देह मिळाला आणि नेगेव वाळवंटातील हात्सेरिम या सामुदायिक वसाहतीच्या साहाय्याने १९६५ साली तिचे उत्पादन सुरू झाले. आपल्या महाराष्ट्रात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जळगावच्या भवरलाल जैन यांनी या तंत्राचा शेतकऱ्यांत केलेला प्रसार सर्वश्रुत आहे. खानदेशातील केळी, नाशिककडील द्राक्षे आणि सोलापूरकडील डाळिंबे आज त्यावर उभी आहेत. शेतावरून ते गच्चीवर आले ते मात्र अर्धे येऊन राहिले. शेतात पंप असतो, दाबमापक असतो, दोन-दोन गाळण्या असतात आणि मुख्य म्हणजे सकाळ-संध्याकाळ नळीच्या कडेने फिरणारा शेतकरी असतो. गच्चीवर आली ती केवळ नळी आणि तोटी.

हे मला समजावून सांगितले ते रावेर तालुक्यात केळीच्या बागांना ठिबक जोडण्यात उमेदीची वर्षे घालवून आता मुलाच्या नोकरीनिमित्त पुण्यात येऊन राहिलेल्या एका अनुभवी फिटरने. सर्वजण त्यांना ‘भाऊ’ म्हणतात. ते आले तेव्हा मी त्यांना प्रथम वाळलेल्या मोगऱ्याकडे नेऊ लागलो. पण त्यांनी मोगऱ्याकडे पाहिलेही नाही. स्वयंपाकघरातून औषध मोजायची खुणा असलेली वाटी आणि मनगटावरचे घड्याळ एवढीच सामग्री त्यांनी मागितली. “साहेब, झाडाला विचारून उपयोग नाही,” ते म्हणाले, “झाड आठ दिवसांनी सांगतं. वाटी आत्ता सांगते.”

त्यांची रीत अशी. ठिबक सुरू करून पाच मिनिटे नळ्या भरू द्यायच्या. मग टाकीजवळची पहिली तोटी, मधली एक, आणि प्रत्येक नळीच्या शेवटची एक, अशा निवडून त्या प्रत्येकीखाली वाटी धरून बरोबर तीन मिनिटांचे पाणी मोजायचे आणि कागदावर लिहायचे. ताशी ४ लिटरची म्हणून विकत घेतलेली तोटी खरोखरच ४ लिटर देत असेल, तर तीन मिनिटांत २०० मिलिलिटर पाणी पडले पाहिजे. ताशी २ लिटरची असेल तर १००. आमच्या तोट्या सर्व ४ लिटरच्या. पहिलीखाली १०० मिलिलिटर भरले, मधलीखाली ८५, मोगऱ्याच्या तोटीखाली वाटीचा तळ जेमतेम ओला झाला आणि लिंबाच्या तोटीखाली तोही झाला नाही. कागदावरचे हे चार आकडे पाहताच भाऊंनी, अद्याप एकही नळी न उघडता, येथे एक नव्हे तर दोन दोष आहेत असे सांगितले: एक सर्वांना समान लागलेला, कारण उत्तम चालणारी तोटीसुद्धा निम्मेच पाणी देत होती, आणि दुसरा शेवटच्या नळीपुरता. गेली तीन वर्षे मी या रचनेकडे रोज पाहत होतो आणि पहिल्या दोषाची मला वार्ताही नव्हती.

तो पहिला दोष दाबाचा. नळ्या आणि तोट्या बनवणारे जो ताशी आकडा छापतात तो साधारणतः दर चौरस सेंटिमीटरला एक किलो या दाबाचा असतो, आणि तेवढा दाब मिळण्यासाठी पाण्याची पातळी तोटीपासून दहा मीटर उंच असावी लागते, म्हणजे जवळजवळ तीन मजले. आमच्या गच्चीवरील टाकी चौथऱ्यासकट धरली तरी तिच्यातील पाण्याची पातळी कुंड्यांपासून अडीच मीटर. साध्या तोटीतील प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो; त्यामुळे दाब चतुर्थांश झाला तर पाणी निम्मे होते, आणि ४ लिटरची तोटी २ लिटरची होऊन बसते. यात बिघाड असा काहीच नाही. दुरुस्ती करायची ती हिशेबाची: पंधरा मिनिटांच्या जागी तीस मिनिटे. चढउतारावरही सर्व तोट्यांतून सारखेच पाणी पडावे म्हणून आत लवचिक पडदा असलेल्या ज्या महाग तोट्या मिळतात, त्या घेतल्याने हा प्रश्न सुटेल असे अनेकांना वाटते. परंतु त्या पडद्याला काम करण्यासाठीही किमान दाब लागतो, आणि तो गच्चीवरच्या टाकीतून बहुधा मिळत नाही. अडीच मीटरच्या दाबावर कठड्यावर एक मीटर उंच ठेवलेल्या कुंडीला खालच्या कुंडीपेक्षा जवळजवळ चतुर्थांश पाणी कमी मिळते, हेही कुंड्यांची मांडणी करताना ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

टायमरच्या संबंधातही याच कारणाने फसगत होते. कित्येक टायमरांत पाणी अडवणारा रबरी पडदा पाण्याच्याच दाबाने उचलला जाईल अशी योजना असते. नळाला जोडला तर तो उत्तम चालतो, आणि टाकीखाली जोडला की विजेचा ठोका पडतो, आवाज होतो, पण पडदा अर्धाच उचलतो किंवा उचलतच नाही. टाकीवर चालवायचा असेल तर ज्यात छोटी मोटर गोल चेंडूची झडप फिरवते असा टायमर मागून घ्यावा. कोथरूडमधील एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी या एका बाबीपायी दोन वर्षांत तीन टायमर बदलले होते. तिन्ही टायमर स्वतःपरीने निर्दोष होते.

आमचा दुसरा दोष शोधायला भाऊंनी सुरुवात केली ती टोकाकडून नव्हे, तर टाकीकडून. हा क्रम त्यांनी कोठेही सोडला नाही, आणि त्याचे कारण पटण्यासारखे होते: वरच्या दोषाचे लक्षण नेहमी खाली उमटते, त्यामुळे खालून सुरुवात करणारा मनुष्य निर्दोष तोट्या बदलीत बसतो. प्रथम टाकीचा निर्गम. तो तळाशी लागून असेल तर वर्षानुवर्षे साचलेला गाळ थेट नळीत उतरतो. तळापासून चार बोटे वर असावा. मग गाळणी. आमची गाळणी उघडली तेव्हा आतील जाळीवर तपकिरी साय धरल्यासारखा थर होता, आणि ज्या रबरी चकतीमुळे पाणी जाळीला वळसा घालून जाऊ शकत नाही ती चकती, मागे कधीतरी धुताना, बेसिनमध्ये वाहून गेलेली असावी. तिचा पत्ताच नव्हता. चकती नसलेली गाळणी ही दारास कुलूप लावून भिंत पाडून ठेवण्यासारखी आहे. घरगुती ठिबकास १२० मेशची, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे अष्टमांशाएवढ्या छिद्रांची जाळी पुरते. तोटीतील वाट त्याहून पुष्कळ मोठी असते, मग इतकी बारीक जाळी कशाला, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर असे की, वाटेच्या मानाने लहान असलेले कण एकटे आले तर निघून जातात, पण तीन-चार एकदम आले तर एकमेकांना रेटा देऊन कमानीसारखे अडकतात, आणि दगडी कमानीप्रमाणेच मागून येणाऱ्या दाबाने अधिकच घट्ट होतात. म्हणून तोटीच्या वाटेच्या दशांशाहून मोठा कण आत जाऊ देऊ नये, असा जाणत्यांचा दंडक आहे.

गाळणीनंतर हवा. शेवटची नळी मी एका जिन्याच्या कठड्यावरून उंच नेऊन पलीकडे उतरवली होती, दिसायला नीटस दिसावी म्हणून. त्या उंचवट्यावर हवा अडकून बसत असे, आणि टाकीतल्या पाण्याचा तुटपुंजा दाब तिला पुढे ढकलू शकत नसे. ही अडचण जुनीच आहे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत जो पाण्याचा नळ आणला गेला, त्याच्या वाटेवर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते, ते कोंडलेल्या हवेला वाट मिळावी याच हेतूने. सुमारे पावणेतीन शतकांपूर्वीच्या गवंड्यांना जे ठाऊक होते ते आजच्या सुशिक्षित गृहस्थाने विसरावे, याचे मला त्या दिवशी मनापासून वाईट वाटले. भाऊंनी उंचवट्याच्या माथ्यावर हवा सोडणारी एक लहान झडप बसवली. तिचा दुसरा उपयोगही त्यांनी सांगितला, जो पुस्तकी माहितीपेक्षा मोलाचा आहे. ठिबक बंद होते तेव्हा नळीतील पाणी सखल जागच्या तोट्यांतून निथळत राहते, आणि त्याची पोकळी भरून काढण्यासाठी उंचावरच्या तोट्या बाहेरची हवा आत ओढतात. अशा वेळी तोटी मातीत रुतलेली असली तर हवेबरोबर मातीचा चिखलही आत खेचला जातो. गाळणी कितीही चांगली असो, ही माती तिच्या पलीकडून येते. माथ्यावर हवेची झडप असली म्हणजे हवा तेथून आत शिरते आणि तोट्या वाचतात. तोटी मातीला टेकवू नये, काडीच्या आधाराने बोटभर वर ठेवावी, ही साधी तजवीजही त्याच कारणास्तव.

एवढे झाल्यावर भाऊंनी नळीच्या टोकाचे बूच काढले आणि पाणी मोकळे सोडले. प्रथम काळपट, मग तपकिरी, मग शेवाळाच्या तंतूंनी गढूळ, आणि चांगल्या दहा मिनिटांनी निर्मळ, असे पाणी गच्चीच्या फरशीवरून वाहत गेले. तीन वर्षांत हे बूच एकदाही निघाले नव्हते. प्रवाहाला टोकाशी वेग उरत नाही, म्हणून वाटेतला सर्व गाळ तेथेच बसतो. आणि माझे दुर्दैव असे की मोगरा आणि लिंबू दोन्ही टोकाशी होते. मोगऱ्याची तोटी या धुण्यानेच सुटली. लिंबाची सुटली नाही.

ती का सुटली नाही याचे उत्तर मला आमच्या गच्चीवर मिळाले नाही, बावधनकडे टेकडीच्या उताराशी असलेल्या एका स्नेह्यांच्या बंगल्यात मिळाले. पुण्यात नळाला येणारे खडकवासल्याचे पाणी धरणाचे, म्हणून बहुतांशी मृदू. परंतु उन्हाळ्यात टँकर मागवावा लागला किंवा विंधनविहिरीचे पाणी त्यात मिसळले की परिस्थिती पालटते. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपत आलेल्या भूजलात चुना आणि मॅग्नेशियम विरघळलेले असते. असे पाणी काळ्या नळीत उन्हाने तापले, किंवा तोटीच्या मुखाशी लोंबणारा शेवटचा थेंब सुकला, की त्यातील वायू निघून जातो आणि विरघळलेला चुना पांढऱ्या खड्याच्या रूपाने मागे राहतो. आज एक पापुद्रा, उद्या त्यावर दुसरा. त्या बंगल्यातील दोनशेच्या आसपास तोट्यांपैकी बहुतेकींच्या मुखाशी शंखाच्या आतल्या बाजूसारखे कठीण, गुळगुळीत कवच जमले होते, आणि मालक दर आठवड्यास टाचणीने ते टोकरीत बसत. टाचणी हा उपाय नव्हे; ती तोटीतील नागमोडी वाटेला ओरखडे पाडते, त्यामुळे पुढचा चुना अधिक सहज धरतो आणि तोटीचे माप कायमचे बिघडते.

चुन्याला उपाय आम्लाचा. शेतात पाण्याचा सामू ४ च्या आसपास येईल एवढे आम्ल मोजून सोडतात, ते काही तास नळ्यांत राहू देतात आणि मग टोके उघडून धुऊन काढतात. घरी इतक्या खटपटीचे कारण नाही. निघण्यासारख्या तोट्या काढून रात्रभर साध्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात; बुडबुडे येऊ लागले म्हणजे अडथळा चुन्याचाच होता हे निश्चित समजावे, आणि न आल्यास तो शेवाळाचा किंवा मातीचा आहे असे मानून दुसरा मार्ग धरावा. माझ्या लिंबाच्या तोटीस बुडबुडे आले. आदल्या वर्षी वैशाखात महिनाभर टँकरचे पाणी घेतले होते, त्याचे हे अवशेष. शेवाळ किंवा चिकट बुरा असेल तर अत्यल्प ब्लीचिंग पावडरचे निवळलेले पाणी नळीत भरून ठेवून नंतर भरपूर धुण्याची रीत आहे, मात्र तेवढा वेळ तोट्या कुंड्यांच्या बाहेर काढलेल्या असाव्यात. येथे एक गोष्ट अतिशय कळकळीने सांगायची आहे: आम्ल आणि ब्लीचिंग पावडर ही दोन्ही कधीही, कोणत्याही प्रमाणात, एकत्र करू नयेत, आणि एक वापरल्यावर नळी स्वच्छ पाण्याने पूर्ण धुतल्याखेरीज दुसरे आत सोडू नये. त्यांच्या संयोगातून क्लोरीन वायू निघतो आणि तो बंद जागेत प्राणघातक होऊ शकतो.

शेवाळाचे मूळ उजेडात असते. पारदर्शक नळी स्वस्त आणि दिसायला स्वच्छ असते, म्हणून पुष्कळ लोक मुख्य नळीपासून कुंडीपर्यंत तीच वापरतात. उन्हात ती हिरवी झालीच म्हणून समजावे. काळी नळी आणि घट्ट झाकणाची टाकी, एवढा बंदोबस्त पुरे. मुंग्या कोरड्या तोटीत घर करतात. खारी आणि उंदीर उन्हाळ्यात नळी कुरतडतात, पाण्याच्या शोधात. त्यांच्यासाठी गच्चीवर पाण्याचे एक उथळ भांडे ठेवल्यापासून आमच्याकडील कुरतडणे जवळजवळ थांबले, आणि पक्ष्यांचीही सोय झाली.

आतापर्यंतचे सर्व दोष नळीच्या आतले. परंतु तोटी अचूक माप देत असूनही झाड वाळते, असा एक प्रकार आहे आणि तो सर्वांत अधिक गोंधळात पाडणारा आहे. वर उल्लेखिलेल्या कोथरूडच्या शिक्षिकाबाईंकडे टायमर योग्य मिळाल्यावरही जास्वंदी सुकतच राहिल्या. वाटीने मोजले तर पाणी पुरेपूर. कुंडीखालच्या बशीतही पाणी भरलेले. कुंडी उपडी करून पाहिली तेव्हा मुळांचा गोळा आतून भाकरीच्या तुकड्यासारखा कोरडा निघाला. कोकोपीटचे मिश्रण एकदा पूर्ण वाळले की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाण्याला झिडकारू लागते. मग तोटीचे पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरते आणि बशीत जाऊन साठते, मुळांना स्पर्शही न करता. बाईंनी प्रत्येक कुंडी बादलीभर पाण्यात, बुडबुडे थांबेपर्यंत, बुडवून ठेवली, तोटी मध्यभागी आणून वर पालापाचोळ्याचे आच्छादन घातले, आणि एकदाच तीस मिनिटे सोडण्याऐवजी सकाळी दोन हप्त्यांत पंधरा-पंधरा मिनिटे पाणी देण्यास प्रारंभ केला. महिन्याभराने मी गेलो तेव्हा त्या मला हाताला धरूनच जास्वंदीकडे घेऊन गेल्या.

कऱ्हाडच्या एका परसबागेत याच्या उलट. तेथील जमीन कृष्णाकाठची भारी काळी, तोट्या नव्या, पाणी विपुल, आणि सात वर्षांच्या हापूस कलमाच्या बुंध्याला मात्र कुजीची लागण. कलम लावले तेव्हा तोटी रोपाच्या बुडाशी ठेवली होती, ते योग्यच होते. रोपाचा वृक्ष झाला, अन्न-पाणी शोषणारी मुळे फांद्यांच्या घेराच्या कडेपर्यंत पसरली, आणि तोटी होती तेथेच राहिली. काळ्या मातीत पाणी आडवे पसरते आणि दीर्घकाळ टिकते, मुरमाड जमिनीत ते सरळ खाली जाते. म्हणून काळ्या मातीत तोट्या थोड्या, दूर आणि दिवसाआड, तर मुरमात जवळ-जवळ आणि रोज थोडा वेळ, असा भेद करावा लागतो. झाड वाढेल तशी तोटी बाहेर सरकवावी लागते. ‘विपुलाच सृष्टी’कार श्री. अ. दाभोळकर यांच्या कोल्हापूरच्या प्रयोग परिवाराने झाडाकडून स्वतः शिकण्याचा जो आग्रह धरला होता, त्याची आठवण या कलमापाशी उभे असताना झाली. तेथील मालकांनी माझ्यासमोर तोट्या उचलून फांद्यांच्या घेराखाली वर्तुळात मांडल्या आणि बुंधा कोरडा ठेवण्यासाठी भोवती मातीचा उंचवटा केला.

घरी परतल्यावर मी एक नोंदवही घातली. तिच्यात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाच ठरावीक तोट्यांचे तीन मिनिटांचे पाणी लिहिले जाते, त्याच दिवशी गाळणी धुतली जाते आणि टोकाची बुचे उघडली जातात. सर्व मिळून अर्धा तास लागतो. एखाद्या तोटीचा आकडा मागील महिन्यापेक्षा दहा-पंधरा मिलिलिटरनी घसरला तर ती काढून व्हिनेगरमध्ये जाते, झाडाला त्याची झळ लागण्यापूर्वीच. सर्व आकडे एकदम घसरले तर दोष टाकीपाशी किंवा गाळणीत. एका नळीपुरते घसरले तर त्या नळीत. एकच घसरला तर त्या तोटीत. ही नोंदवही आता माझी नात लिहिते. आठ वर्षांच्या त्या मुलीला वाटीवरच्या खुणा वाचण्यात मोठा आनंद वाटतो, आणि पाटकऱ्याची जी जागा आमच्या घरी रिकामी होती ती तिने भरून काढली आहे असे मी समजतो.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा परतीचा पाऊस सरून गच्चीवरचे ठिबक पुन्हा सुरू करण्याची वेळ झालेली असेल. चार महिने बंद असलेल्या नळ्यांत गाळ घट्ट बसलेला असतो, तोट्यांत मुंग्यांनी घरे केलेली असतात आणि टायमरच्या बॅटऱ्यांच्या टोकांवर बहुधा गंज चढलेला असतो. फराळाच्या गडबडीतून एक सकाळ काढून, टायमर लावण्यापूर्वी, कृपा करून टोकाची बुचे उघडा, पाणी निर्मळ येईपर्यंत वाहू द्या, आणि मग वाटी घेऊन बसा. आमच्या लिंबाखालच्या तोटीतून आज सकाळी तीन मिनिटांत ९५ मिलिलिटर पाणी पडले.